पाण्याखालचे चित्र देण्याआधी

डायव्हिंगच्या ज्ञानकोशातले पान वाचणाऱ्यांपैकी बरेच जण उद्या-परवा त्याच जागी पाण्यात उतरणार असतात. होडी कुठे थांबते, तळ वाळूचा आहे की खडकाचा, पंधरा मीटरवर किती अंतरापर्यंतचे दिसते, समोर आलेल्या पट्टेदार, काटेरी माशापासून किती दूर राहायचे, हे त्यांना आधी कळायला हवे असते. काही वाचक विद्यार्थी किंवा शिक्षक असतात आणि रेग्युलेटरमधून हवा नेमकी कशी येते ते शोधत असतात. काही जण कधीच पाण्यात जाणार नसतात, पण आपल्या किनाऱ्यासमोर काय आहे याचे कुतूहल त्यांना असते. यातले बहुतेक लोक मजकुराआधी चित्र पाहतात आणि दिसते ते खरे मानून चालतात. त्या विश्वासाला पात्र ठरतील अशी चित्रे जमावीत, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

स्वयंसेवकांनी असे काम किती पुढे नेता येते, हे पाहायचे असेल तर विकीव्हॉयेज या प्रवासमार्गदर्शक संकेतस्थळावरची दक्षिण आफ्रिकेतल्या केप द्वीपकल्पाची आणि फॉल्स बेची डायव्हिंग मार्गदर्शिका उघडावी. तिथे डायव्हच्या जागांना स्वतंत्र पाने आहेत. खडकांचे नकाशे, खोली, जागा कोणत्या वाऱ्याला उघडी पडते, पाण्यात कुठून उतरायचे, हे सगळे त्यांत आहे. द्वीपकल्पाच्या अटलांटिकच्या बाजूला उन्हाळ्यात डायव्ह चांगले होतात, फॉल्स बेच्या बाजूला हिवाळ्यात, आणि या फरकामागे वारे आहेत, हे ती पाने वाचून नवख्यालाही समजते. या मजकुराशेजारची छायाचित्रे पाहून कोणी वा म्हणेलच असे नाही. एक कपार, एक समुद्रपंखा, तळावर पडलेली गंजकी पट्टी. पण ते चित्र कुठले आणि कशाचे, हे शेजारचा मजकूर सांगतो, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोल तिथे आहे.

पाण्याखालच्या छायाचित्रणाची सुरुवातही सौंदर्यासाठी झालेली नाही. १८५६ मध्ये विल्यम थॉम्प्सन यांनी इंग्लंडमधल्या वेमथजवळ होडीतून पेटीबंद कॅमेरा तळाकडे सोडला आणि एक अंधूक चित्र मिळवले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ पासून स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून छायाचित्रे घेतली. आपण जे पाहिले ते वर असलेल्यांना दाखवता यावे, ही त्यांची ओढ होती. पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या ड्राय टॉर्टुगास बेटांजवळ जीवशास्त्रज्ञ लाँगली आणि छायाचित्रकार मार्टिन यांनी घेतली. पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून त्यांनी खाली पुरेसा उजेड पाडला. एका माशाच्या रंगासाठी एवढी जोखीम पत्करली, कारण रंग ही माहिती आहे आणि पाण्याखाली सगळ्यात आधी तीच हरवते.

या पुस्तिकेतले सगळ्यात लांब प्रकरण म्हणूनच रंगांवर आहे. पाणी लाल प्रकाश सर्वांत लवकर शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटरवर लाल रंग जवळपास संपतो, त्याखाली नारिंगी जातो, मग पिवळा. बोट कापले तर खोलवर रक्त हिरवट दिसते. यात फक्त खोली मोजून भागत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. माशापासून कॅमेऱ्यापर्यंतचे पाणीही तितकाच रंग खाते. म्हणून दोन मीटर खोलीवर असूनही चार मीटर दूरच्या समुद्रपंख्याचा लाल रंग तपकिरी उतरतो. यावर उपाय एकच, जवळ जाणे आणि सोबत उजेड नेणे. त्यातही फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असेल तर पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात. फ्लॅश बाजूला, हातभर लांब धरला की हा त्रास बराच कमी होतो.

संगणकावर रंग दुरुस्त करायचे की नाहीत, यावर पुस्तिका तयार करताना आमच्यात पुष्कळ वाद झाले. शेवटी ठरले ते असे: चित्र कशासाठी दिले आहे त्यावर उत्तर अवलंबून ठेवायचे. माशाची किंवा प्रवाळाची ओळख पटवणारे चित्र असेल तर हरवलेला रंग परत आणायला हरकत नाही. दुरुस्ती केली आहे असे वर्णनात लिहावे आणि मूळ फाइल जपून ठेवावी. डायव्हच्या जागेचे चित्र असेल तर मात्र पाणी जसे होते तसेच दिसू द्यावे. मालवणच्या समुद्राचे पाणी हिरवे असते. प्लवक आणि किनाऱ्याजवळचा गाळ यांमुळे तिथे निळा प्रकाश फार दूर जात नाही. कोणी धुरकटपणा काढून तेच पाणी मालदीवसारखे निळेशार करून चढवले, तर ते चित्र पाहून आलेला माणूस पाच मीटरच्या दृश्यमानतेत उतरताना गोंधळेल आणि जोडीदाराला हरवून बसेल. तिथल्या हिरव्या पाण्याची खरी चित्रे आमच्याकडे फार थोडी आहेत, कारण ती वाईट आली असे समजून लोक पुसून टाकतात. कृपया पुसू नका.

प्रवाळांच्या बाबतीत रंगाचा प्रश्न आणखी गंभीर होतो. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातली शैवाले सोडून देतात आणि पांढरे पडतात. १९९८ मध्ये जगभर असे घडले, त्यानंतरही पुन्हा पुन्हा घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक घटनेची घोषणा झाली. अशा काळात एखाद्या खडकाचे जुने चित्र पुरावा म्हणून पाहिले जाते. पण फ्लॅशचा उजेड जास्त झाला तर निरोगी प्रवाळही पांढराफटक येतो, आणि रंग जास्त भरले तर आजारी प्रवाळ टवटवीत दिसतो. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या कोरलवॉच प्रकल्पाने प्रवाळाच्या रंगछटा जुळवून पाहायचा एक साधा तक्ता तयार केला आहे. तो तक्ता, नाहीतर निदान पांढरी स्लेट, चित्राच्या कोपऱ्यात येऊ द्यावी. चित्र थोडे कुरूप होईल, होऊ द्या.

मापाचेही तसेच. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू चतुर्थांशाने जवळ आणि तृतीयांशाने मोठी भासते. डायव्ह संपवून वर आलेले सगळेच जण माशाचा आकार वाढवून सांगतात, त्यामागे हे प्रकाशाचे वक्रीभवनही आहे. म्हणून वर्णनात अंदाजे लांबी लिहिण्याऐवजी शेजारी माप माहीत असलेली एखादी वस्तू असलेले चित्र द्यावे. ती वस्तू प्रवाळावर टेकवायची मात्र नाही.

चित्र आरशातल्यासारखे उलटवू नका, ही सूचना आम्ही जाड अक्षरांत छापली आहे. पानाच्या मांडणीसाठी डावे-उजवे करण्याची सवय छपाईच्या धंद्यात जुनी आहे. पण समुद्रातल्या जीवांना डावे आणि उजवे असते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या लेप माशाचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात आणि सोल कुळातल्या माशांचे उजव्या. चित्र उलटवले की एका कुळाचा मासा दुसऱ्या कुळाचा वाटू लागतो. शंखाच्या बाबतीत तर याहून वाईट होते. आपल्या देव्हाऱ्यात असतो त्या जातीच्या शंखाचे वेटोळे जवळजवळ नेहमी एकाच दिशेचे असते. उलट वेटोळ्याचा शंख अत्यंत दुर्मिळ, तोच दक्षिणावर्ती, आणि त्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. त्या नावाखाली अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, मुळातच उलट्या वेटोळ्याचे, वेगळ्याच जातीचे शंख विकले जातात. अशा वेळी साध्या शंखाचे उलटवलेले चित्र ज्ञानकोशात गेले तर त्या फसवणुकीला आपणच पुरावा पुरवला असे होईल. माणसांच्या चित्रांनाही हाच नियम लागू आहे. रेग्युलेटरची नळी सहसा उजव्या खांद्यावरून येते आणि जॅकेटमध्ये हवा भरण्याची डावीकडून. नवशिका चित्र पाहून जोडणी करत असेल तर उलटलेले चित्र त्याला चुकीचे शिकवेल.

शिकवणाऱ्या चित्रांची तपासणी आम्ही सगळ्यात कडक ठेवली आहे. पाण्याखाली अंगठा वर करणे याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. सगळे ठीक आहे असे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवतात. पर्यटकांच्या असंख्य छायाचित्रांत लोक हसत अंगठा दाखवत असतात. असे एखादे चित्र हाताच्या खुणांच्या पानावर चुकून लागले तर एका वाचकाचा तरी डायव्ह अर्धवट संपेल, कदाचित भलत्या वेळी. लोंबणारा प्रेशर गेज, वाळूवर टेकलेले गुडघे, प्रवाळाला धरलेला हात, अशी चित्रे चुका दाखवणाऱ्या परिच्छेदात हवीच आहेत. पण तिथे ती चूक म्हणून स्पष्ट लिहून लावली पाहिजेत. उपकरणांची चित्रे घरी, साध्या पार्श्वभूमीवर, दिवसाच्या उजेडात काढावीत. या कामाला समुद्र लागत नाही, महागडा कॅमेराही लागत नाही, आणि उणीव सर्वांत जास्त इथेच आहे. रेग्युलेटरच्या सुट्या केलेल्या फर्स्ट स्टेजचे एक नीट चित्र दहा कासवांच्या चित्रांपेक्षा आमच्या उपयोगी पडेल.

आता जागेबद्दल. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून होडीवरूनच स्थान टिपून घ्यावे लागते. कॅमेऱ्याचे घड्याळ डायव्ह कॉम्प्युटरच्या घड्याळाशी आधी जुळवून ठेवले तर प्रत्येक चित्राची खोली नंतर नोंदीतून काढता येते. एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांना मी सिंहमाशाचे उदाहरण देते. हिंदी महासागरातला टेरॉइस माइल्स आणि पश्चिम पॅसिफिकमधला टेरॉइस व्हॉलिटन्स हे नुसत्या छायाचित्रावरून वेगळे ओळखणे फार अवघड आहे. मासा कुठे दिसला, हीच ओळखीची मोठी खूण असते. सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरलेल्या सिंहमाशांचा माग काढणाऱ्यांना तारीख आणि ठिकाण असलेले साधे चित्रही कामाचे, आणि ती नोंद नसलेले अप्रतिम चित्र निरुपयोगी. जात नक्की ठाऊक नसेल तर वंशापर्यंतच लिहावे. तेही कळत नसेल तर ‘ओळख पटलेली नाही’ एवढे लिहून चित्र द्यावे. जाणकार पुढे नाव घालतात. चुकीचे नाव मात्र एकदा पडले की इतर पानांवर उतरत जाते आणि ते शोधून काढता काढता पुरेवाट होते.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी टिपाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उधाण होते की भांग, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती की अष्टमीच्या सुमाराची लहान, आणि वारा कुठला होता. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते, गाळ उठतो. भांगाला पाणी शांत राहते. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई पडून समुद्रावरचा खारा वारा सुरू झाला की लाट वाढते. हे मच्छीमारांना पाठ असते. चित्रांच्या वर्णनांत ते साठत गेले तर कोणत्या तिथीला कुठे किती दिसते, याची नोंद आपोआप तयार होईल.

मात्र सगळ्याच जागा जगजाहीर करायच्या नसतात. समुद्रघोडा बराच काळ एकाच कोपऱ्यात राहतो. त्याची अचूक जागा छापली की तिथे आधी कॅमेरे पोहोचतात आणि मागोमाग पकडणारेही. भारतात २००१ मध्ये सगळे समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. अशा जीवांच्या चित्रांना तालुक्याइतकेच ढोबळ स्थान द्यावे. दुसरी बाब मच्छीमारांनी दाखवलेल्या जागांची. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून समुद्रातला खडक शोधण्याची विद्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि तो खडक म्हणजे त्यांचे पोट आहे. विश्वासाने दाखवलेली जागा त्यांना न विचारता नकाशावर टाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आधीच्या पुस्तिकेत हा नियम नव्हता, तो आम्ही या आवृत्तीत घातला आहे.

चित्रासाठी समुद्राशी कसे वागायचे, हे खरे तर पहिल्याच पानावर यायला हवे होते. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकण्याची रीत आपल्याकडे ठिकठिकाणी रुजली आहे. मग काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे झुंडीने गोळा होतात आणि पर्यटकाला हवे ते चित्र मिळते. त्या चित्रात दिसणारी गर्दी खडकाची नसून पावाची असते. ज्ञानकोशात ते लागले तर पाहणाऱ्याला वाटेल की इथे एवढे मासे नेहमीच असतात. फुगलेल्या केंड माशाचे चित्रही असेच. तो घाबरल्यावर फुगतो, आणि बहुतेक वेळा कोणीतरी त्याला डिवचलेले असते. कपारीतून ओढून काढलेला ऑक्टोपस, तळहातावर ठेवलेली समुद्रकाकडी, नीट दिसावा म्हणून दुसऱ्या प्रवाळावर नेऊन ठेवलेला गोगलगायीसारखा न्यूडिब्रँक: अशी चित्रे आम्ही घेत नाही, ती कितीही देखणी असली तरी. आपल्या कायद्याच्या व्याख्येत संरक्षित प्राण्याला पकडणे आणि आमिष दाखवणे हीसुद्धा शिकारच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जीवाला त्याच्या जागेवरून हलवले की तो कुठे आणि कसा राहतो ही माहिती चित्रातून नाहीशी होते, आणि मग ते चित्र ज्ञानकोशाला कशाला हवे?

तरंगण्यावर पक्का ताबा येण्याआधी कॅमेरा घेऊ नये. पडद्यावर नजर खिळली की हवा किती उरली ते पाहायचे राहते, जोडीदार कुठे गेला ते कळत नाही, आणि पायाच्या फिनने मागचे प्रवाळ मोडतात. प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. ज्यांना पाण्यात स्थिर राहता येते त्यांनीच जवळून चित्रे काढावीत, इतरांनी होडीची, उतरण्याच्या जागेची, किनाऱ्याची काढावीत. तीही आम्हाला तितकीच हवी आहेत.

हक्कांचे प्रकरण कोरडे आहे, पण नाकारलेल्या चित्रांपैकी बरीचशी तिथेच अडतात. हौसेने डायव्ह करायला गेलेल्या माणसाचे छायाचित्र बहुधा सोबतच्या प्रशिक्षकाने काढलेले असते आणि नंतर फोनवर मिळते. त्यात आपण दिसतो म्हणून ते आपले होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. ती कोणाच्या नोकरीत असेल, किंवा पैसे घेऊन तुमच्या सांगण्यावरून टिपत असेल, तर मालकीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. त्या गुंत्यात न शिरता प्रशिक्षकाची लेखी संमती घ्यावी आणि श्रेयात त्याचे नाव लिहावे. वर्षभर पाण्यात असणाऱ्या या मुलामुलींकडे चित्रांचा मोठा साठा असतो. त्यांनी स्वतः योगदान दिले तर याहून चांगले काहीच नाही.

परवाना श्रेय देऊन, त्याच अटींवर पुढे वापरू देणारा असावा. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट घातलेली चित्रे विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त चित्रसंग्रह स्वीकारत नाही आणि आम्हीही नाही. या अटीने पाठ्यपुस्तक छापणारा छोटा प्रकाशकही अडतो, आणि गावातल्या डायव्हिंग केंद्राचा माहितीफलकही. काहींना हे पटत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला समजते. ज्या चित्रांवर पोट चालते ती देऊ नयेत. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे विचार करूनच द्यावे. समुद्रात उभारलेल्या शिल्पांची चित्रे देताना त्या देशाचा कायदा पाहावा. भारतात सार्वजनिक जागी कायमस्वरूपी ठेवलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेता येते, फ्रान्समध्ये कान शहरासमोरच्या समुद्रातल्या मुखवट्यांच्या शिल्पांबाबत ती मोकळीक नाही. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले चित्र कोणत्याही परवान्याखाली चालणार नाही, कारण त्यातला मासा कधी कुठे पोहलेलाच नसतो.

शेवटची विनंती जुन्या डायव्हरांना. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरचा तो पट्टा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांसह संरक्षित आहे. पण त्या काळात तिथले प्रवाळ कसे दिसत होते हे दाखवणारे मुक्त चित्र मिळवायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. गोव्याचे ग्रांद बेट, मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी, लक्षद्वीप, अंदमान इथे तेव्हा उतरलेल्यांच्या कपाटांत निगेटिव्ह आणि स्लाइड नक्की असतील. त्या बुरशीने जाण्याआधी स्कॅन करून द्याव्यात. रंग उडाले असतील तर तसेच राहू द्यावेत, दुरुस्त करू नयेत. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तारीख, खोली, होडीवाल्याचे नाव असे काही लिहिलेले असेल, तर ती बाजूही स्कॅन करावी, आणि लॉगबुकमध्ये त्या दिवसाचे पान सापडले तर तेही.